समुद्र तापतो, गोडा पडतो, गुदमरतो: कोकणच्या कातळावर नोंद कशी घ्यायची

मे महिन्यात मालवणच्या किनाऱ्याजवळ एखादं प्रवाळ पांढरं पडलेलं दिसलं की "पाणी तापलं" म्हणून मोकळं होता येतं. पण तेच प्रवाळ जुलैत गोड्या पाण्यानं पांढरं पडतं, वादळानंतर गाळाखाली दबून पडतं, आणि कधी एखाद्या गोगलगायीनं खाल्ल्यामुळेही पडतं. किनाऱ्याला लागलेल्या मेलेल्या माशांचंही तसंच. कारण वेगळं, दिसणं मात्र सारखं. कारण ठरवायचं तर एकाच जागी, एकाच वेळी घेतलेले तीन आकडे लागतात: तापमान, खारेपणा आणि पाण्यातला प्राणवायू. शिवाय त्याच जागेची नेहमीच्या दिवसांतली नोंद हाताशी हवी. संकट आल्यावर मोजायला धावणारे पुष्कळ असतात. आधीच्या शांत महिन्यांचे आकडे मात्र बहुधा कुणाकडेच नसतात. ही नोंद चार-पाच जणांचा गट, एखादं कॉलेज किंवा मच्छीमार सोसायटी स्वतः कशी ठेवू शकते, ते इथे दिलं आहे.

परवानगी आधी

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. त्याचं क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर आहे आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग त्यात येतो. त्या हद्दीत काहीही बसवायचं किंवा उचलायचं असेल तर वन विभागाची लेखी परवानगी घ्या. हद्दीबाहेरही टणक प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे वाहून आलेला मेलेला तुकडासुद्धा घरी न्यायचा नाही. या कामात पाणी सोडून किनाऱ्यावरून काहीच हलवावं लागत नाही. फोटो पुरतो.

जागा आणि सुकतीची वेळ

तीन जागा निवडा: खाडीच्या मुखाजवळची एक, मुखापासून दूर उघड्या समुद्राकडची एक, आणि जिथून पावसाळ्यातही बादली सोडता येईल अशी एक जेटी. तिसरी जागा लोक विसरतात, आणि मग जून ते सप्टेंबर वही कोरी राहते. सगळ्यात मोठे फेरबदल नेमके त्याच महिन्यांत होतात.

मोबाइलचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतो. पाच मीटरनं जागा सरकली तर कातळावर वेगळाच पट्टा मोजला जातो. म्हणून मच्छीमार समुद्रात जागा धरतात तशाच खुणा धरा: देवळाचा कळस आणि त्यामागचा माड एका रेषेत, दुसऱ्या बाजूला दीपगृह आणि टेकडीचं टोक एका रेषेत. दोन्ही रेषा जिथे छेदतात ती तुमची जागा. दोन्ही दिशांचे फोटो वहीत चिकटवा, म्हणजे नवीन माणूसही तिथेच उभा राहील.

वेळेसाठी तिथीचा जुना हिशोब अजून उपयोगी आहे. तिथीला पाऊणनं गुणलं की मुंबईच्या पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते: अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या सुमारास सुकती (पूर्ण ओहोटी). रत्नागिरी-मालवणला भरती मुंबईच्या आधी येते, त्यामुळे अचूक वेळ स्थानिक भरती-ओहोटीच्या तक्त्यातूनच घ्या.

या हिशोबातून उन्हाळ्यात फार कामाची एक गोष्ट कळते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात सर्वांत खोल सुकती पहाटे आणि संध्याकाळी येते, त्यामुळे कातळाचा सर्वांत खालचा पट्टा उघडा पडतो तोही थंड वेळी. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते त्या दिवसांत, सुकती ऐन दुपारची. पाणी फार खाली जात नाही, पण वरचा आणि मधला पट्टा भर उन्हात तापतो; त्यातच भांगाची भरती कमी चढत असल्यामुळे सर्वांत वरच्या पट्ट्याला काही दिवस पाणीच लागत नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये कालवं, शिनाणे (दोन शिंपल्यांचे जीव) आणि बार्नॅकल (कातळाला चिकटून राहणारे कवचाचे छोटे जीव) उन्हानं मेले का, हे पाहायला अष्टमीनंतरच्या दोन-तीन दिवसांत जायचं. खालच्या पट्ट्यातली प्रवाळं पाहायला मात्र उधाणाची पहाट. सुकतीच्या तासभर आधी पोचा आणि पाणी परतायला लागलं की अर्ध्या तासात वर या.

लाटांचा अंदाज पाहताना लाटेची उंची तर पाहाच, दोन लाटांमधला कालावधीही पाहा. दक्षिणेकडच्या दूरच्या समुद्रातून आलेला पंधरा सेकंदांवरचा लांब फुगवटा किनाऱ्यावर वारा नसतानाही कातळावर अचानक चढतो. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचा आणि अशा फुगवट्याचा इशारा देते. इशारा असेल त्या दिवशी कातळावर उतरायचं नाही, जेटीवरून घेता येईल तेवढंच घ्यायचं.

तापमान

थर्मामीटर किंवा लॉगर (तापमान आपोआप नोंदवत राहणारं उपकरण) नवा असला तरी तपासूनच वापरा. गोड्या पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये भरा, तो भिजेल इतकंच थंड पाणी घाला आणि उपकरण त्यात वीस मिनिटं ठेवा. वाचन ०.० यायला हवं. ०.४ आलं तर वहीच्या पहिल्या पानावर "०.४ वजा करा" असं लिहून ठेवा. मग बादलीभर कोमट पाण्यात, तीस अंशांच्या आसपास, सगळी उपकरणं एकत्र बुडवून त्यांची आपसातली तफावत पाहा. दर सहा महिन्यांनी हे पुन्हा करा. इथे अर्ध्या अंशालाही किंमत आहे, कारण नेहमीचं पाणी आणि प्रवाळ पांढरं पाडणारं पाणी यांच्यात जेमतेम एका अंशाचा फरक असतो.

लॉगर दर तासाला एक वाचन घेईल असा लावा. उथळ पाण्यात उघडा लॉगर उन्हानं स्वतःच तापतो आणि पाण्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. तो पांढऱ्या पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात बसवा आणि पाइपला चारही बाजूंनी भोकं पाडा. महिन्याभरात भोकं शेवाळ आणि बार्नॅकलनं बुजतात. ती साफ केली नाहीत तर आतलं पाणी साचून राहतं.

लॉगर नसेल तर आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, निदान एक मीटर खोलीवरचं पाणी मोजा. बादली वर आल्यावर मिनिटाच्या आत वाचन घ्या, आणि तेही सावलीत.

आता हा आकडा जास्त आहे की नाही, हे कसं ठरवायचं? सागरी उष्णतेची लाट म्हणजे त्या तारखेच्या, साधारण तीस वर्षांच्या नोंदींतल्या नव्वद टक्के दिवसांपेक्षा गरम पाणी, सलग निदान पाच दिवस. प्रवाळांसाठी वेगळं माप आहे. त्या जागेच्या सर्वांत गरम महिन्याची दीर्घकालीन सरासरी घ्यायची. पाणी तिच्यापेक्षा एक अंश किंवा अधिक वर गेलं की ताण मोजायला सुरुवात होते. समजा सरासरी ३० आहे. एक आठवडा ३१ राहिलं तर १ धरा, एक आठवडा ३१.५ राहिलं तर १.५. ३०.८ राहिलेला आठवडा शून्य. मागच्या बारा आठवड्यांची बेरीज ४ झाली की पांढरं पडणं ठळक दिसू लागतं. ८ वर गेली की प्रवाळं मरू लागतात. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या संकेतस्थळावर ही बेरीज पाच किलोमीटरच्या चौकटींत रोज मिळते. इन्कॉइसही उष्णतेच्या लाटांची आणि प्रवाळांवरच्या ताणाची सूचना देते. उपग्रहाला मात्र पाण्याचा फक्त पृष्ठभाग दिसतो, आणि किनाऱ्यालगतच्या चौकटीवर भरवसा कमी ठेवावा लागतो. बेरीज २ च्या पुढे गेली की आठवड्यातून दोनदाऐवजी रोज मोजा.

कोकणात पाणी दोनदा चढतं: एप्रिल-मेमध्ये, आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या आसपास. बहुतेक गट फक्त मेमध्ये पाहतात. दुसरा चढ लहान असतो, पण तोवर पावसाळ्यातल्या गढूळ, गोड्या पाण्यानं प्रवाळं आधीच थकलेली असतात.

खारेपणा

हातातला रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याच्या थेंबातून खारेपणा दाखवणारं उपकरण) पुरेसा आहे. दर वेळी आधी डिस्टिल्ड वॉटरचे दोन-तीन थेंब टाकून शून्य जुळवा, मऊ कापडानं पुसा, मग नमुन्याचे थेंब टाका आणि अर्धा मिनिट थांबून वाचा. काम झाल्यावर काच गोड्या पाण्यानं धुतली नाही तर सुकलेलं मीठ पुढच्या नमुन्यात मिसळतं.

उघड्या समुद्रात कोरड्या दिवसांत ३५ ते ३६ पीपीटीच्या (हजार भाग पाण्यात इतके भाग क्षार) आसपास आकडा येतो. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी तो कितीही खाली जाईल. फसगत होते ती थरांमुळे. गोडं पाणी हलकं असल्यानं वर तरंगतं. बादलीत १८ आलं तरी दीड मीटर खाली ३२ असू शकतं. म्हणून दोन नमुने घ्या, एक वरचा आणि एक तळाजवळचा. बराच काळ २५ च्या खाली राहिलेल्या पाण्यात बहुतेक प्रवाळं टिकत नाहीत, त्यामुळे किती दिवस राहिलं हे आकड्याइतकंच महत्त्वाचं. मुसळधार पावसानंतर सलग आठवडाभर रोज वाचन घ्या, भरतीला एक आणि सुकतीला एक.

प्राणवायू

या मोजणीला सर्वांत जास्त मेहनत पडते आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. पश्चिम किनाऱ्यावर ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात खोल समुद्रातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी उथळ भागाकडे चढतं. वर पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर झाकणासारखा बसल्यानं हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. १९९९ साली गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांना या किनाऱ्याच्या उथळ भागात प्राणवायू संपून हायड्रोजन सल्फाइड तयार झालेलं आढळलं होतं. केरळ ते गोवा या पट्ट्यात हे चढणं जास्त जोरकस असतं, उत्तरेकडे कमी होत जातं. म्हणून गोव्याला लागून असलेल्या सिंधुदुर्गात लक्ष जास्त ठेवायला हवं.

नमुना पहाटे घ्या. रात्रभर सगळे जीव श्वास घेत असतात आणि शेवाळाकडून नवा प्राणवायू मिळत नाही, त्यामुळे खरा नीचांक पहाटे दिसतो. दुपारी चारला घेतलेला नमुना सगळं ठीक आहे असं सांगतो.

तळाचं पाणी आणायला साधी बाटली दोरीनं सोडून चालत नाही. बुडबुडे सोडत ती भरते, त्यात हवा मिसळते आणि आकडा फुगतो. त्यासाठी दोन लिटरचा झाकणाचा डबा घ्या, तळाला शिशाचं वजन बांधा आणि आत ३०० मिलिलिटरची (मिलि) काचेची बीओडी बाटली, म्हणजे प्राणवायू मोजायची घट्ट बुचाची बाटली, उघडी ठेवा. झाकणातून दोन नळ्या काढा: एक बाटलीच्या तळापर्यंत जाणारी, दुसरी झाकणापाशीच संपणारी, हवा बाहेर सोडण्यासाठी. पहिलीच्या वरच्या टोकाला बूच लावून त्याला वेगळी दोरी बांधा. तळाजवळ पोचल्यावर ही दोरी हिसडली की बूच निघतं, पाणी बाटलीच्या तळाशी शिरतं, वरून उतू जातं आणि डबा भरतो. डबा भरेपर्यंत बाटलीतलं पाणी निदान तीन वेळा बदललेलं असतं. बुडबुडे थांबल्यावर डबा वर घ्या.

पुढचं काम कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांसोबतच करा, हातमोजे आणि चष्मा घालून:

१. बाटली पाण्याखालीच बुचानं बंद करा. एकही बुडबुडा आत राहिला तर नमुना टाकून द्या.
२. बूच काढून मँगनीज सल्फेटचं द्रावण २ मिलि आणि अल्कली-आयोडाइड २ मिलि घाला. पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली ठेवा. सोडियम अझाइड घातलेलं द्रावण मिळतं, ते घेऊ नका. ते विषारी असतं आणि उघड्या समुद्राच्या पाण्याला त्याची गरज नसते.
३. बूच लावून पंधरा वेळा उलटसुलट करा. साका अर्धा खाली बसू द्या, पुन्हा हलवा.
४. साक्याचा रंग पाहा. तपकिरी म्हणजे प्राणवायू आहे. फिकट पिवळट म्हणजे थोडा. पांढराशुभ्र राहिला तर जवळजवळ काहीच नाही.
५. बुचाभोवती पाणी घालून बाटली अंधारात, थंड ठेवा आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत न्या. तिथे २ मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालून साका विरघळवायचा. त्यातलं २०० मिलि घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटनं, शेवटी स्टार्च घालून, निळा रंग जाईपर्यंत टायट्रेशन करायचं. थायोसल्फेट जितके मिलि लागलं, तितके मिलिग्रॅम प्राणवायू एका लिटरमध्ये.

२८ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात हवेशी समतोल असताना साडेसहाच्या आत-बाहेर प्राणवायू मावतो. २ च्या खाली गेलं की बहुतेक मासे आणि कोळंबी तिथून पळतात. ज्यांना पळता येत नाही ते मरतात. पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येत असेल तर या पद्धतीचा आकडा चुकतो. तेव्हा आकडा न लिहिता "वास" एवढीच नोंद करा.

कातळावरची मोजणी

पीव्हीसी पाइपची ५० सेंटिमीटरची चौकट करा आणि दर १० सेंटिमीटरला दोरा ओढा. पंचवीस चौकोन होतात, प्रत्येक चार टक्क्यांचा. वरचा, मधला आणि खालचा अशा तीन पट्ट्यांत प्रत्येकी दहा ठिकाणी चौकट ठेवा आणि दर चौकटीचा फोटो सरळ वरून घ्या. छत्रीची सावली पूर्ण चौकटीवर पाडा; अर्धं ऊन, अर्धी सावली असा फोटो पुढे मोजता येत नाही.

किती मेलं याबरोबर कधी मेलं हेही मोजायचं, आणि ते शिंपल्यावरच लिहिलेलं असतं. नुकत्याच मेलेल्या कालवाचं वरचं शिंपलं गळून कातळाला चिकटलेली वाटी उरते. तिची आतली बाजू चकचकीत, स्वच्छ असते, कधी मांसाचा तंतूही लोंबत असतो. काही आठवड्यांत ती चमक जाते, हिरवट लेप चढतो, कोपऱ्यात गाळ बसतो. पुढे त्याच वाटीत लहान बार्नॅकल दिसू लागले की मरण जुनं. शिनाणा उघडा दिसला तर बोटानं टोका. जिवंत असेल तर मिटतो. बार्नॅकलवर समुद्राचं पाणी शिंपडून दोन मिनिटं थांबा आणि हालचाल दिसते का ते पाहा. "ताजं मेलेलं" आणि "जुनं मेलेलं" असे दोन रकाने ठेवा. एकच रकाना ठेवला तर गेल्या वर्षीचं मरण यंदाच्या उष्णतेच्या नावावर लागतं.

प्रवाळाच्या रंगासाठी क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पाचा रंगतक्ता वापरा. प्रत्येक प्रवाळाचा सर्वांत फिका आणि सर्वांत गडद भाग १ ते ६ च्या पट्टीवर लिहायचा. त्याच प्रवाळाचा आकडा दोन किंवा जास्त घसरला तर तो बदल खरा धरा. तक्ता पाण्यातच प्रवाळाशेजारी धरायचा, हात लावायचा नाही. पांढरं पडलेलं प्रवाळ मेलेलं नसतं: आत राहणारं सूक्ष्म शैवाल निघून गेलेलं असतं, पारदर्शक मांसातून खालचा चुना दिसत असतो. पाणी वेळेत निवलं तर रंग परततो. मेलं असेल तर त्यावर लवकरच हिरवट-तपकिरी शेवाळाची लव चढते.

कारण ओळखताना

उष्णतेनं पांढरं पडताना आधी माथा फिका होतो, कारण ऊन तिथेच जास्त. कडेला आणि सावलीत रंग टिकतो. गोड्या पाण्याची खूण म्हणजे पातळी: एका ठरावीक खोलीच्या वरची सगळी प्रवाळं गेलेली, खालची धड. गाळ खोलगट भागांत बसतो आणि फुंकर मारल्यासारखं पाणी हलवलं की खाली मेलेला डाग दिसतो. गोगलगायीच्या खाण्याचा डाग कडेपासून सुरू होतो, त्याची हद्द धारदार असते, आणि शेजारी खाणारा सापडतो.

मासे मेलेले आढळले तर तापमानाचा आकडा आधी पाहा. प्राणवायू कमी आणि तळाचं पाणी नेहमीपेक्षा तीन-चार अंश थंड, खारेपणा भरपूर, म्हणजे खोलातलं पाणी चढलं आहे. मरणाऱ्यांत तळाचे जीव जास्त असतील: लेप (तळाशी राहणारा चपटा मासा), खेकडे, कोळंबी. प्राणवायू कमी पण पाणी कोमट असेल तर शैवालाचा बहर सडतो आहे, किंवा सांडपाणी. हिवाळ्यात रात्री लाटा निळ्या चमकवणारी नॉक्टिल्युका (एक सूक्ष्म जीव) काचेच्या पेल्यात घेतली तर साबुदाण्याच्या बारीक चुऱ्यासारखे कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिचा बहर किनाऱ्याशी साचून सडला की प्राणवायू संपतो. लाल, तपकिरी किंवा हिरवं रंगलेलं पाणी असेपर्यंत त्या जागेची कालवं, तिसऱ्या, शिनाणे खाऊ नका. काही शैवालांचं विष शिजवल्यानं जात नाही.

वादळानंतर घाई करावीच लागते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२०ला श्रीवर्धन-अलिबाग पट्ट्यात धडकलं, तौक्ते मे २०२१ मध्ये किनाऱ्याला समांतर वर गेलं. अशा वादळांत लाटांनी उलटवलेले दगड पहिल्याच सुकतीला ओळखू येतात. खालची फिकट, स्पंज चिकटलेली बाजू वर आलेली असते. आठवडाभर उन्हात राहिली की ओळख पुसते. उलटलेले दगड मोजा, फोटो घ्या, खारेपणा घ्या, आणि तापमानही घ्याच: वादळ खालचं थंड पाणी घुसळून वर आणतं, त्यामुळे चालू असलेली उष्णतेची लाट तिथेच मोडलेली असू शकते.

वही

प्रत्येक ओळीत तारीख, तिथी, वेळ, भरती की ओहोटी, जागा, खोली, तीन आकडे, वारा, पाण्याचा रंग आणि मोजणाऱ्याचं नाव. काही मेलेलं दिसलं नाही तर "०" लिहा; रिकामा रकाना म्हणजे पाहिलंच नाही असा अर्थ होतो. पेन्सिल वापरा, शाई ओली झाली की पसरते. फोटोंना त्याच दिवशी तारीख-जागा-पट्टा-क्रमांक अशी नावं द्या. मोठी हानी दिसली तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा, प्रवाळांची असेल तर वन विभागालाही. सोबत मागच्या दोन महिन्यांच्या नोंदींची प्रत जोडा, आणि आम्ल घातलेल्या बाटल्या कातळावर न ओतता प्रयोगशाळेतच रिकाम्या करा.